नोकरी न सोडता कॅमेरा

कर्जत-खालापूर पट्ट्यात कॅमेरा विकत घेतलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो नोकरी सोडण्याचा. उद्योजकता शिबिरातले वक्ते तो देतात, मोबाइलवर रोज सकाळी येणारी भाषणे देतात, आणि नाक्यावर आयुष्यभर स्टुडिओ चालवलेली जाणती माणसेही देतात. म्हणणे सगळ्यांचे एकच. दोन दगडांवर पाय ठेवणारा बुडतो. पगाराची सवय लागली की धंद्याची भूक राहत नाही. मराठी माणूस व्यापारात मागे पडला तो पहिल्या तारखेच्या मोहापायी. तेव्हा सूर्याजीने कोंढाण्यावर कापले तसे परतीचे दोर कापा आणि मग उतरा.

हे मत चुकीचे आहे, आणि त्याच्या नादाने घरे कर्जात जातात, म्हणून त्याचा प्रतिवाद करणे मला अगत्याचे वाटते. माझे म्हणणे असे की या दोन तालुक्यांत फोटोग्राफीचा लहान धंदा नोकरी सांभाळूनच सुरू करावा, आणि बहुतेकांनी तो पुढेही तसाच चालवावा. त्यात कमीपणा नाही, अर्धवटपणाही नाही. इथला हा धंदा मुळात तसाच घडलेला आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडतो. पहिला मुद्दा वेळेचा. मुहूर्त रविवार बघत नाही. मंगळवारी दुपारी साडेबाराच्या अक्षता असतील तर आदल्या रात्री हळद आहे, आणि आगरी घरातली हळद म्हणजे लग्नाच्या तोडीचा सोहळा, पहाटेपर्यंत चालणारा. मग सकाळी नवरीची तयारी, वरात, संध्याकाळी पाठवणी. नोकरदाराच्या किरकोळ रजा याला किती पुरणार? दुसरा मुद्दा हात बसण्याचा. प्रकाश वाचायची नजर रोजच्या कामाने येते, आठवड्यातून एकदा बॅग उघडून येत नाही. तिसरा मुद्दा सर्वांत जड आहे. ज्याची चूल पगारावर पेटते तो भाव पाडतो. पूर्ण वेळ स्टुडिओवाल्याने चाळीस हजार सांगितलेले काम तो अठरा हजारांत उचलतो, कारण त्याला त्या पैशांवर महिना काढायचा नसतो. अशाने दुसऱ्याच्या ताटातली भाकरी जाते. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर द्यावेच लागेल.

या पक्षाच्या हाताशी एक थोर उदाहरणही असते. दादासाहेब फाळक्यांनी पुरातत्त्व खात्यातली सरकारी नोकरी सोडली, पुढे विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडन गाठले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लावला. दोर कापले म्हणून गड सर झाला, असे शिबिरात सांगितले जाते. पण ही हकीकत थोडी मागून आणि थोडी पुढेपर्यंत वाचायला हवी. नोकरीत शिरण्याआधी फाळक्यांनी गोध्र्याला पूर्ण वेळचा फोटो स्टुडिओ काढून पाहिला होता. प्लेगात पत्नी आणि मूल गेले आणि तो स्टुडिओही गेला. १९०३ मध्ये त्यांनी पुरातत्त्व खात्याची नोकरी धरली ती या पडझडीनंतर. नोकरी सोडल्यावर ते छपाईकडे वळले, तेही आमच्या बोरघाटाच्या माथ्यावर, लोणावळ्याच्या बाजूला, जिथे रविवर्म्यांचा छापखाना होता. आणि सिनेमासाठी मोठी रक्कम उभी करण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याची वाढ थोडी थोडी चित्रित केली, ‘अंकुराची वाढ’ नावाचा एवढासा चित्रपट केला, आणि तो निवडक लोकांना दाखवून भांडवल मिळवले. ज्यांना आपण दोर कापणारे म्हणून मिरवतो त्यांनीसुद्धा आधी लहान प्रयोग केला आणि मगच मोठा पैसा घेतला.

त्या घरात दुसरे काय चालले होते हेही सांगितले जात नाही. सरस्वतीबाई फाळके दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करत आणि रात्री फिल्मला भोके पाडत, ती धूत. दागिने त्यांचे गेले. या श्रमांचा पगार कोणत्याही वहीत नाही. १९४४ साली नाशिकला दादासाहेब वारले तेव्हा हाताशी फारसे काही उरले नव्हते. शिबिरातली गोष्ट ‘राजा हरिश्चंद्र’वर थांबते, नाशिकपर्यंत जात नाही.

आता धंद्याकडे येऊ. पूर्ण वेळचा स्टुडिओ ज्या पायावर उभा होता तो पाया आज राहिलेला नाही, आणि जुन्या जाणत्यांचा सल्ला त्या पायाच्या भरवशावर दिलेला असतो. कर्जतच्या किंवा खोपोलीच्या बाजारपेठेतला स्टुडिओ लग्नांवर जगत नव्हता, गल्ल्यावर जगत होता. पासपोर्ट साइझचे फोटो, शाळेची ओळखपत्रे, गिऱ्हाइकांचे रोल धुऊन प्रिंट काढणे, घरातल्या गेलेल्या माणसाचा बारीकसा फोटो मोठा करून चौकटीत बसवून देणे, अशी रोजची पाच-पन्नास किरकोळ कामे दुकानाचे भाडे आणि पोराचा पगार भागवत. लग्न हा वरचा पैसा होता. मग रोल गेला. कोडॅकसारख्या कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधी २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत आधारची सुरुवात झाली होती, आणि आधार केंद्रावर फोटो तिथल्या तिथेच काढतात. पासपोर्ट सेवा केंद्रातही तेच. नोकरीचा अर्ज ऑनलाइन, त्याला जोडायचा फोटो मोबाइलवर. रोजचा गल्ला आटला आणि उरले ते समारंभाचे काम. साखरपुडा, हळद, लग्न, डोहाळजेवण, बारसे, पहिला वाढदिवस, शिवाय फार्महाऊसवरचे प्री-वेडिंग. हे काम मोठ्या रकमेचे असते, पण ते रोज नसते.

किती दिवस असते? पंचांग उघडून पाहावे. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि लग्ने थांबतात ती तुळशीच्या लग्नापर्यंत. पौषात पुन्हा हात आखडतो. मग माघ ते वैशाख-ज्येष्ठ हा भरीचा काळ. तोही दर वर्षी पुरा मिळेल असे नाही. २०२४ च्या मे आणि जूनमध्ये गुरू-शुक्राच्या अस्तामुळे मुख्य विवाहमुहूर्त जवळजवळ नव्हते, निकड असलेल्यांनी काढीव मुहूर्तावर कार्ये उरकली. २०२६ चा ज्येष्ठ अधिक, म्हणजे १७ मेपासून १५ जूनपर्यंतचा महिना विवाहाला वर्ज्य. एप्रिल २०२१ मध्ये तर लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास एवढीच सरकारी मुभा होती, आणि नियम मोडला तर पन्नास हजार रुपये दंड. करोनाच्या त्या दोन उन्हाळ्यांत ज्यांच्या घरात महिन्याचा पगार येत राहिला त्यांचे कॅमेरे घरात राहिले. ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांतल्या अनेकांना ते मिळेल त्या भावात काढावे लागले.

त्यात इथला पाऊस. सह्याद्रीच्या पायथ्याचे हे तालुके, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो. धबधब्यांवर प्री-वेडिंगची कामे मिळतील अशी आशा नवे लोक धरतात, पण अपघात वाढल्यापासून पावसाळ्यात धबधबे आणि धरणांच्या परिसरात जमावबंदीचे आदेश निघतात आणि वाट तिथेच बंद होते. लेन्सला बुरशी धरते, ती वेगळीच काळजी. समजा एखाद्याने बॉडी, दोन लेन्स, फ्लॅश, गिंबल आणि संगणक मिळून तीन लाखांचे कर्ज काढले, बारा टक्के व्याजाने, छत्तीस हप्त्यांत. महिन्याचा हप्ता ९,९६० रुपयांच्या आसपास बसतो. चातुर्मासाच्या चार महिन्यांत चाळीस हजार रुपये कुठून तरी भरायचेच आहेत, आणि त्या चार महिन्यांत कॅमेरा जवळजवळ काहीच कमावत नाही. बँक पंचांग पाहत नाही. घाईने राजीनामा लिहून मोकळा झालेला माणूस भाद्रपदात मिळेल ते काम मिळेल त्या भावात घेतो. भाव पाडण्याची खरी सुरुवात पुष्कळदा तिथे होते.

म्हणून भुकेचा जो महिमा सांगितला जातो तो मला पटत नाही. हप्त्याच्या धाकात असलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. बयाणा न देणाऱ्या पार्टीला, रात्री दोनपर्यंत थांबवून वर पाच हजार कापणाऱ्याला, शंभर पानांच्या अल्बमचे पैसे ठरवून दीडशे पाने मागणाऱ्याला नाही म्हणण्याची ताकद पगार देतो. कौशल्य वाढते तेही अशा नकारांतून मोकळ्या झालेल्या वेळात.

या भूमीतल्या माणसाला एका उत्पन्नावर जगायची सवय कधी नव्हती, हेही विसरू नये. इथे भाताचे एक पीक. ते निघाल्यावर ओलीवर वाल टाकायचा आणि उरलेले महिने दुसऱ्या कामावर काढायचे. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. खोपोलीत टाटांचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले, पुढे कारखाने आले, आणि घरातला एक जण कंपनीत आणि बाकीचे शेतात अशी घडी बसली. कर्जतहून पहाटेची लोकल धरून दोन-सव्वादोन तासांनी मुंबई गाठणारा नोकरदार आषाढात रजा टाकून लावणीला उभा राहतो. त्याला कोणी अर्धवट शेतकरी म्हणत नाही. मग सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन उभा राहणाऱ्याची निष्ठा तेवढी का संशयित व्हावी?

वेळेच्या आक्षेपाचे अर्धे उत्तर इथल्या नोकऱ्यांतच आहे. शिबिरातल्या वक्त्याच्या डोळ्यांपुढे दहा ते पाचची कचेरी असते. खालापूर तालुक्यातल्या कारखान्यांत पाळ्या चालतात. फर्स्ट शिफ्टवाला दुपारी मोकळा, नाईटवाला दिवसा मोकळा, आणि साप्ताहिक सुट्टी रविवारीच येते असे नाही. सोबत्याशी शिफ्ट बदलून घेणे ही रोजची रीत आहे. रोज मुंबईला जाणाऱ्याचा दिवस मोठा असतो हे खरे, पण त्याला बोरा बाजार बोरीबंदरच्या पायरीशी आहे. कॅमेरा दुरुस्तीला टाकणे, जुनी लेन्स हाताळून घेणे, एका कामापुरती भाड्याने आणणे हे तो जाता-येता करतो. कर्जतमध्ये दुकान लावून बसलेल्याला त्यासाठी अख्खा दिवस मोडावा लागतो. उरलेल्या अर्ध्या आक्षेपाकडे, म्हणजे मंगळवारच्या मुहूर्ताकडे, पुढे येतो.

बाहेरच्या जगातही हा प्रश्न तपासला गेला आहे. जोसेफ रॅफी आणि जी फेंग या अभ्यासकांनी २०१४ साली अमेरिकेतल्या नोकरदारांची अनेक वर्षांची माहिती घेऊन पाहिले, तेव्हा आधी नोकरीबरोबर धंदा करून मग पूर्ण वेळ त्यात उतरलेल्यांचा धंदा बंद पडण्याची शक्यता, एकदम उडी घेतलेल्यांपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळली. अमेरिका म्हणजे खोपोली नव्हे. तिथे बेकारी भत्ता आहे, इथे तो जवळजवळ नाही. पण हा फरक माझ्या बाजूने पडतो. जिथे पडल्यावर झेलणारे काही आहे तिथेसुद्धा सावकाश उतरणारे टिकतात, तर जिथे झेलणारे घराखेरीज कोणी नाही तिथे उडीचा उपदेश कोणत्या आधारावर करायचा?

हात बसण्याच्या मुद्द्याला इतिहासच उत्तर देतो. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली तेव्हाच्या पहिल्या देशी छायाचित्रकारांत डॉ. नारायण दाजी होते, भाऊ दाजी लाडांचे बंधू, व्यवसायाने वैद्य. होमाई व्यारावाला १९४२ मध्ये दिल्लीत ब्रिटिश माहिती सेवेत नोकरीला लागल्या आणि ती करता करता नियतकालिकांसाठी छायाचित्रे काढत राहिल्या, घरी लहान मूल असताना. देशाच्या स्वातंत्र्याचे क्षण ज्यांच्या छायाचित्रांतून आपण ओळखतो त्या बाईंची नजर नोकरीने मंदावली असे कोणी म्हणणार नाही.

आता तो जड आक्षेप, भाव पाडण्याचा. इथे मी पूर्वपक्षाशी सहमत आहे. पगारदाराने स्वस्तात काम उचलणे हा अन्याय आहे. पण त्याचे मूळ नोकरीत नसून हिशेबात आहे. तो आपल्या श्रमाची किंमत शून्य धरतो. हळद आणि लग्न असे दोन दिवसांचे काम घ्या. शूटिंगचे दोन दिवस, मग हजारो फोटोंतून निवड, रंग सुधारणे, अल्बमचे डिझाइन, पार्टीने सांगितलेले बदल, लॅबची फेरी, व्हिडिओचे मिक्सिंग. मिळून कामाचा एक आठवडा सहज होतो. तो पूर्ण आठवडा नोकरीच्या वेळेबाहेरचा आहे. कायद्यानुसार कारखान्यात ठरलेल्या तासांपलीकडच्या कामाला दुप्पट मजुरी द्यावी लागते. कंपनीच्या गेटवर ज्या ओव्हरटाइमसाठी कामगार भांडतो, तोच ओव्हरटाइम घरी कॅमेऱ्यासाठी फुकट का घालतो? त्याने स्वतःला ओव्हरटाइमचा दर लावावा, त्यात उपकरणांची झीज, दुसरी बॉडी, दोन हार्ड डिस्कवरचा बॅकअप आणि मदतनिसाचा रोज मिळवावा. जो आकडा येईल तो नाक्यावरच्या स्टुडिओपेक्षा कमी येणार नाही. येऊ नयेच.

मंगळवारचा मुहूर्तही असाच सुटतो. ज्या तारखेला रजा मिळत नाही ती ऑर्डर पूर्ण वेळवाल्याकडे द्यावी, आणि त्याच्या मोठ्या कामात रविवारी दुसरा कॅमेरा म्हणून उभे राहावे. भाव एक असेल तर हे दोघे वैरी राहत नाहीत. ज्यांना दुकान उघडे ठेवावेच लागते अशी कामे, म्हणजे रोजचे गिऱ्हाईक आणि तातडीच्या प्रिंट, पूर्ण वेळवाल्याची आहेत आणि नोकरदाराने त्यात शिरू नये.

इथवर मी नोकरीची बाजू मांडली. पण प्रचलित मतात एक दुसरी समजूत दडलेली आहे आणि ती मला पहिलीपेक्षा घातक वाटते. नोकरी आणि धंदा यांच्यात वेळेची ओढाताण आहे, घरचे काय, घरचे सांभाळून घेतील, अशी ती समजूत. खरा खर्च होतो तो घराचाच. लग्नसराई आणि मुलांच्या परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये एकत्र येतात. ज्या तारखेला लोकांची लग्ने असतात त्याच तारखेला आपल्या नात्यातलीही असतात, आणि मामाच्या मुलीच्या लग्नात बाप एकतर नसतो किंवा कॅमेऱ्यामागे असतो. दिवसभरात येणारे फोन बायको घेते, तारीख लिहून ठेवते, दाराशी आलेल्या पार्टीला चहा करते, “अहो, काल पण आले होते ते, पेन ड्राइव्ह मागत होते,” अशी आठवण देते. फोटोंची निवडसुद्धा कित्येक घरांत तीच करते, कारण नवरीकडची आत्या कोण आणि नवऱ्याकडची काकू कोण हे तिच्या लक्षात राहते आणि अल्बममधून एक जरी वगळली तर किती रामायण होते ते तिला ठाऊक असते. हे काम आहे, ‘मदत’ नाही. त्याचा दर ऑर्डरच्या रकमेत धरावा आणि पैसे आल्यावर तिच्या खात्यात तिचा वाटा जावा. असे केले की दोन गोष्टी घडतात. धंद्याला खरोखर किती सुटते ते कळते, आणि महिन्याला किती ऑर्डरी घ्यायच्या हे एकट्याने ठरवण्याचा हक्क आपल्याला नाही हेही कळते. एखाद्या घराला लग्नसराईत महिन्याला चारच कामे झेपतात. त्या घराने पाचवे घेऊ नये, मग भाव कितीही मिळो.

कायद्याच्या भीतीचे थोडक्यात सांगतो, कारण तिच्यामुळे माणसे चोरून काम करतात आणि चोरून करणारा भावही चोरटाच लावतो. दोन ठिकाणी काम करायला कायद्याने बंदी आहे असे कारखान्यात सर्रास ऐकू येते. कारखान्यांच्या कायद्यातली बंदी एका कारखान्यात काम करून लगेच दुसऱ्या कारखान्यात काम करण्याविषयी आहे. लग्नमंडप हा कारखाना नव्हे. मात्र नेमणूकपत्रात बाहेरचे काम न करण्याची अट असू शकते, ती वाचावी. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी यांना वर्तणूक नियमांनुसार व्यवसायासाठी पूर्वपरवानगी लागते, आणि ती न घेता बायकोच्या नावाने पावतीपुस्तक छापणे ही पळवाट आहे. बायको खरोखर धंदा चालवत असेल तर तिच्या नावाने अवश्य असावा. बाकी उद्यम नोंदणी मोफत आहे, दहापेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनेला २०१७ च्या राज्य कायद्यानुसार नुसती सूचना पुरते, आणि सेवांची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी लागत नाही. आणखी एक गोष्ट ऑर्डर घेतानाच कागदावर आणावी. पैसे घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला स्वामित्वहक्क, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइट कायद्याप्रमाणे पार्टीचा असतो. आपल्या कामाचे नमुने दाखवायचे असतील तर तशी संमती त्याच कागदावर घ्यावी.

एवढे होऊनही कोणाला नोकरी सोडायचीच असेल तर मी त्याला अडवणार नाही. कसोटी मात्र पावसाळ्याची लावावी. लागोपाठ दोन चातुर्मास पगाराला हात न लावता, कॅमेऱ्याने उन्हाळ्यात कमावून ठेवलेल्या पैशांवर घर चालले, हप्ते गेले, मुलांची फी गेली, आणि बायकोचा वाटा तिच्या खात्यात वेळेवर पडला, तर राजीनामा लिहायला हरकत नाही. तो मार्गशीर्षात लिहावा, पुढच्या लग्नसराईचे बयाणे हातात आल्यावर.